शेलमधल्या युरेनियमने केरोजेन खरेच बिघडते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या काळ्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या खडकात) गॅमा लॉग, म्हणजे विहिरीत मोजलेला नैसर्गिक किरणोत्सार, पार उजवीकडे गेलेला, टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) भरपूर, पण रॉक-इव्हॅलवर, म्हणजे नमुना तापवून करायच्या चाचणीत, हायड्रोजन इंडेक्स (कार्बनच्या मानाने हायड्रोकार्बन देण्याची ऐपत) अगदीच मार खातो. टीमॅक्स (त्याच चाचणीत सर्वाधिक हायड्रोकार्बन सुटतात ते तापमान, पक्वतेची खूण) पाहावा तर खडक अजून कच्चाच दिसतो, म्हणजे तेल येण्याइतका तापलेला नाही. मग हायड्रोजन गेला कुठे? शेलमधल्या युरेनियमने कोट्यवधी वर्षांत केरोजेन (ज्यातून तेल बनते तो खडकातला घन सेंद्रिय पदार्थ) भाजून काढले असे अहवालात लिहिता येईल का, की ते केरोजेन मुळातच टाइप थ्री, म्हणजे जमिनीवरच्या वनस्पतींपासून आलेले, हायड्रोजनला गरीब होते?

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. युरेनियमच्या किरणोत्साराने मातृखडकातले (ज्या खडकात तेल तयार होते त्यातले) सेंद्रिय पदार्थ बदलतात, हे पक्के आहे आणि त्याचे पुरावे चांगले आहेत. पण त्यासाठी लागणारी मात्रा (पदार्थाने शोषलेली किरणोत्साराची ऊर्जा) इतकी अफाट आहे की जगातल्या बहुतेक मातृखडकांना ती कधी मिळालेलीच नाही. गॅमा लॉग वर गेला म्हणून युरेनियमवर खापर फोडू नका. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांचा हिशेब करा. निम्म्याहून अधिक प्रकरणे तिथेच मिटतात.

‘भाजून काढले’ हा शब्दही सोडून द्या, कारण उष्णतेचा इथे जवळजवळ काहीच संबंध नाही. २०० पीपीएम (दहा लाखांत दोनशे भाग) युरेनियमचा शेल घेतला तरी दर घनमीटरमागे साधारण ४५ मायक्रोवॅट उष्णता निर्माण होते. ग्रॅनाइटच्या तुलनेत हा आकडा पंधरा-वीसपट आहे, त्यामुळे ऐकायला मोठा वाटतो. पण असा थर दहा मीटर जाडीचा असेल तर त्यातून दर चौरस मीटरला अर्धा मिलिवॅटसुद्धा निघत नाही, आणि पृथ्वीच्या पोटातून येणारी उष्णता तेवढ्याच जागेतून साठ मिलिवॅटच्या आसपास वाहत असते. खडकाचे तापमान त्याने ढिम्म हलत नाही. जे काही होते ते रेणूंच्या पातळीवर, थंडपणे होते. थंडपणे होते म्हणूनच त्याचा परिणाम उष्णतेच्या परिणामापेक्षा वेगळा असतो.

युरेनियम-२३८ चे शिसे-२०६ होईपर्यंत आठ अल्फा आणि सहा बीटा कण बाहेर पडतात. या साखळीतून खडकाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे नऊ दशांश वाटा अल्फा कणांचा असतो. एका अल्फा कणाची ऊर्जा चार ते जवळपास आठ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीन-पावणेचार आणि कार्बन-हायड्रोजन बंधाला सव्वाचार-साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. म्हणजे एका कणात लाखो बंध तोडण्याइतकी ताकद आहे, आणि ती सगळी तो पन्नास मायक्रॉनच्या आसपासच्या अंतरात संपवून टाकतो. खनिजात हा पल्ला आणखी कमी, वीस-तीस मायक्रॉन. हे अंतर लक्षात ठेवा, नमुने पाहताना ते लागणार आहे.

बंध तुटला की मुक्त मूलक, म्हणजे जोडीला आसुसलेले रेणूंचे तुकडे, तयार होतात. पुढे काय होते ते तापमानावर ठरते. तेल तयार होण्याच्या खोलीवर, शंभर-दीडशे अंशांना, लांब साखळीचा मूलक आणखी तुटतो, तुकडे लहान होतात आणि द्रव हायड्रोकार्बन सुटतात. हेच नेहमीचे क्रॅकिंग. पण तीस-चाळीस अंशांच्या खडकात त्या मूलकाकडे पुन्हा तुटण्याइतकी उष्णता नसते. तो शेजारच्या दुसऱ्या मूलकाला जाऊन चिकटतो. हायड्रोजनचे अणू जोड्या करून वायू म्हणून निसटतात, आणि मागे राहिलेल्या साखळ्या गोधडीला टाके घालत जावे तशा एकमेकींना शिवल्या जातात. साखळ्या जितक्या जास्त शिवल्या जातील तितके केरोजेन घट्ट होते, द्रावकात न विरघळणारे होते आणि हायड्रोजनला गरीब होते. थोडक्यात, उष्णता केरोजेनमधून तेल काढते. किरणोत्सार तेल न काढताच केरोजेनची तेल देण्याची ऐपत कमी करतो.

यात प्रत्येक रेणूचे नशीब सारखे नसते. सायक्लोहेक्झेनवर (साध्या एकेरी बंधांच्या संयुगावर) गॅमा किरण सोडले तर शोषलेल्या दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे हायड्रोजनचे पाच-साडेपाच रेणू सुटतात. बेंझिनमधून तेवढ्याच ऊर्जेला ०.०४ च्या आसपास. शंभरपटीहून जास्त फरक! बेंझिनचे वलय आलेली ऊर्जा बंध न तोडता जिरवून टाकते, आणि स्वतःबरोबर शेजारच्या साखळ्यांनाही थोडेफार वाचवते. म्हणून किरणोत्साराचा मार आधी खातात त्या सरळ साखळ्या, म्हणजे नेमके ज्यातून मेणचट, भरपूर तेल यायचे तेच घटक. अॅरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारख्या वलयांचा भाग टिकून राहतो आणि प्रमाणाने वाढत जातो.

आता हिशेब. मी वापरतो तो ढोबळ आकडा असा: खडकात १ पीपीएम युरेनियम १ कोटी वर्षे राहिले तर खडकाला सुमारे ३० हजार ग्रे मात्रा मिळते. (ग्रे म्हणजे दर किलोला एक ज्यूल.) साखळी समतोलात आहे (मधले प्रत्येक मूलद्रव्य जितके बनते तितकेच संपते) आणि युरेनियम आत-बाहेर झालेले नाही असे यात धरले आहे. थोरियम असेल तर तेही धरा; तेवढ्याच वजनाचे थोरियम साधारण पाव भराने मोजले तरी चालते. काळ्या समुद्री शेलमध्ये त्याचे महत्त्व कमीच असते, कारण युरेनियम पाण्यात विरघळून येते आणि प्राणवायू नसलेल्या तळाशी सेंद्रिय पदार्थाजवळ साठते, थोरियम तसे करत नाही.

३० हजार ग्रे म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून आपल्याकडचीच उदाहरणे देतो. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून जी मात्रा देतात ती शंभर ग्रेच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) आयसोमेड केंद्रात इंजेक्शनच्या सिरिंजा आणि शस्त्रक्रियेचे सामान निर्जंतुक करायला २५ हजार ग्रे लागतात. विजेच्या केबलवरचे पॉलिएथिलीन विकिरणाने घट्ट करायचे तर लाख-दोन लाख ग्रे. या शेवटच्या उदाहरणात घडणारी रासायनिक क्रिया आपल्या केरोजेनमधल्यासारखीच आहे: साखळ्या शिवल्या जातात, हायड्रोजन निघतो, प्लॅस्टिक वितळेनासे होते.

यावरून कोणी म्हणेल, दोन लाख ग्रेला पॉलिएथिलीन बदलते तर शेलला काही कोटी वर्षे पुरे झाली. इथेच गल्लत होते. केबलचे प्लॅस्टिक म्हणजे नुसत्या सरळ साखळ्या, आणि तिथे मोजायचा असतो तो वितळण्यातला बदल. हजारात एखादा टाका पडला तरी तो दिसतो. केरोजेन आधीच शिवलेले असते, त्यात वलये असतात, आणि आपण मोजतो तो हायड्रोजनच्या एकूण साठ्यातला फरक. हायड्रोजन इंडेक्स डोळ्यांत भरण्याइतका खाली यायचा तर मात्रा कितीतरी पटींनी जास्त लागते.

ती किती लागते हे कळले ते स्वीडनच्या अॅलम शेलमुळे. या विषयावर बोलताना हा खडक टाळताच येत नाही. मध्य कँब्रियनपासून ऑर्डोव्हिशियनच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी, स्कँडिनेव्हियाच्या उथळ, संथ समुद्रात हा काळा चिखल अतिशय हळू साठत गेला. साचणे हळू, तळाला प्राणवायू नाही, त्यामुळे समुद्राच्या पाण्यातले युरेनियम खाली उतरून घट्ट बसायला वेळच वेळ मिळाला. वरच्या कँब्रियन भागात युरेनियम २०० ते ३०० पीपीएमपर्यंत जाते, टीओसी १५ टक्के आणि त्याहूनही वर. साध्या शेलमध्ये युरेनियम तीन-चार पीपीएम असते हे आठवा. त्यातच कोल्म नावाचे कोळशासारखे दिसणारे भिंगाच्या आकाराचे गोळे सापडतात, त्यांत तर युरेनियम हजारो पीपीएम. ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी भूवैज्ञानिक कालमापनाची पट्टी बसवताना कँब्रियनसाठी याच कोल्मच्या युरेनियम-शिसे वयाचा आधार घेतला होता.

स्वीडनने या एका खडकातून काय काय काढले ते पाहिले की गंमत वाटते. आधी कातडी कमवायला आणि कापड रंगवायला लागणारी तुरटी, मग दुसऱ्या महायुद्धात नाकेबंदी झाल्यावर क्वार्नटॉर्प इथे १९४२ पासून शेल तापवून काढलेले तेल (हा कारखाना १९६६ पर्यंत चालला), आणि १९६५ ते १९६९ या काळात रान्स्टाड इथे सुमारे २०० टन युरेनियम. एकाच खडकात तेलही आणि युरेनियमही, आणि मुख्य म्हणजे मध्य स्वीडनमध्ये हा शेल कधी खोल गाडलाच गेला नाही. पर्मियन काळात वितळलेल्या स्थितीत घुसलेल्या डोलेराइट खडकाच्या थरांनी जिथे त्याला शेकले ती ठिकाणे वगळली तर तो आजही कच्चा आहे. उष्णतेचा हात न लागलेला आणि किरणोत्साराचा भरपूर मार खाल्लेला खडक, म्हणजे निसर्गाने मांडून ठेवलेला प्रयोगच. ५० कोटी वर्षांचा, जो कोणत्याही प्रयोगशाळेत होणे नाही.

१९८८ मध्ये जेरेमी डाल आणि सहकाऱ्यांनी, आणि १९८९ मध्ये मायकेल लेवन व ब्यॉर्न बुखार्ट यांनी या शेलचे कमी आणि जास्त युरेनियमचे नमुने तपासले. युरेनियम वाढत जाते तसे केरोजेनमधले हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर घसरते. द्रावकाने निघणारे बिटुमेन सेंद्रिय कार्बनच्या मानाने कमी होते. लेवन यांनी पाण्यासह पायरोलिसिस (तापवून विघटन) करून कृत्रिम तेल काढले, तर युरेनियमवाल्या नमुन्यांतून तेल कमी आले आणि जे आले ते कंडेन्सेटसारखे हलके. त्रिवलयी अॅरोमॅटिक स्टेरॉइडांमध्ये (प्राचीन जीवांपासून उरलेल्या रेणूंमध्ये) लहान रेणूंचे प्रमाण वाढलेले दिसले, कारण बाजूच्या साखळ्या उडाल्या होत्या.

पण त्या कामातला माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग म्हणजे काय बदलले नाही त्याची यादी. केरोजेनचे कार्बन समस्थानिक बदलले नाहीत. व्हिट्रिनाइटसारख्या (लाकडापासून आलेल्या, ज्यांच्या चकाकीवरून पक्वता मोजतात अशा) दिसणाऱ्या कणांची परावर्तनक्षमता बदलली नाही. (खरे व्हिट्रिनाइट कँब्रियनमध्ये असणार कुठून, जमिनीवर झाडेच नव्हती.) तेलनिर्मितीच्या वेगाचे अंक बदलले नाहीत. सी-२९ स्टेरेनांचे २०-एस आणि २०-आर हे प्रमाणही (पक्वता मोजायचे आणखी एक माप) बदलले नाही. म्हणजे किरणोत्सार हायड्रोजन खातो, पण पक्वतेच्या खुणा पुसत किंवा उमटवत नाही. प्रश्नातल्या ‘हायड्रोजन इंडेक्स खाली, टीमॅक्स कच्चा’ या जोडीचा अर्थ लावायला हेच हत्यार आहे.

त्यांनी काढलेला उंबरठा असा: सेंद्रिय कार्बनला मिळालेली मात्रा १०० कोटी ग्रेच्या पुढे गेली तरच हे बदल दिसतात. इथे ‘सेंद्रिय कार्बनला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. खडकाची एकूण मात्रा टीओसीच्या अपूर्णांकाने भागायची, म्हणजे सगळी ऊर्जा कार्बननेच शोषली असे धरायचे. भौतिकशास्त्राच्या नजरेने ही अतिशयोक्ती आहे, कारण खनिजेही आपला वाटा घेतातच. पण उंबरठा याच रीतीने बसवलेला असल्यामुळे तुलना करायची तर रीतही तीच ठेवावी लागते.

अॅलम शेलसाठी करून पाहू. २०० पीपीएम, ५० कोटी वर्षे, ३० हजार: खडकाला ३० कोटी ग्रे. टीओसी १५ टक्के, म्हणून कार्बनला २०० कोटी. उंबरठ्याच्या दुप्पट. परिणाम दिसायलाच हवा आणि दिसतो.

याच आकड्यांनी आणखी एक गोष्ट तपासता येते. सरळ साखळ्यांसाठी दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टला हायड्रोजनचे चार रेणू धरले, तर खडकाइतकीच, ३० कोटी ग्रेची मात्रा मिळालेल्या एक किलो सेंद्रिय पदार्थातून सुमारे २५० ग्रॅम हायड्रोजन निघायला हवा. एक किलो चांगल्या केरोजेनमध्ये मुळात हायड्रोजन असतोच ८० ग्रॅमच्या आसपास! म्हणजे सगळा हायड्रोजन तीन वेळा जाऊन नुसता कोळसा उरायला हवा होता. तसे झालेले नाही. अॅलम शेलमधून महायुद्धात तेल निघालेच. याची कारणे दोन: तुटलेले बरेच बंध जागच्या जागी परत जुळतात, आणि साखळ्या जसजशा संपतात तसतशी उरलेली वलये पुढच्या माराला दाद देत नाहीत. म्हणून मात्रा दुप्पट झाली तर नुकसान दुप्पट होत नाही; सुरुवातीला उतार तीव्र आणि पुढे सपाट. एखाद्याने हायड्रोजन इंडेक्स आणि युरेनियमची सरळ रेषा काढून मूळ हायड्रोजन इंडेक्स ‘परत मिळवला’ तर त्या आकड्याकडे मी संशयानेच पाहतो.

अॅलम शेलबद्दल एक वाद अजून मिटलेला नाही आणि तो सांगितला पाहिजे. या शेलच्या पायरोलिसिसमध्ये अॅरोमॅटिक घटक इतके जास्त येतात की काही अभ्यासकांच्या मते केरोजेनची घडणच मुळात वेगळी होती, कँब्रियन समुद्रातले जीव वेगळे होते, आणि किरणोत्साराने त्यावर फक्त भर घातली. माझा कौल मधला आहे. युरेनियमबरोबर सरकणारा भाग किरणोत्साराचा, आणि कमी युरेनियमच्या थरांतही दिसणारा अॅरोमॅटिकपणा जन्मजात. पण हे वेगळे करायला एकाच कोअरमधले (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलातले), एकाच पक्वतेचे, युरेनियमने मात्र वेगवेगळे नमुने लागतात. नुसता एक नमुना घेऊन टाइप थ्री की विकिरणित टाइप टू (समुद्री, मुळात हायड्रोजनने समृद्ध) हे कोणीही सांगू शकणार नाही, मीही नाही.

आता ज्याकडे लोकांचे हमखास दुर्लक्ष होते ती गोष्ट: तेल केव्हा तयार झाले? आज आपण प्रयोगशाळेत मोजतो ती आजवरची पूर्ण मात्रा. पण तेलनिर्मितीवर परिणाम करते ती फक्त खडक तेलाच्या खिडकीत, म्हणजे तेल तयार होण्याच्या तापमानाच्या टप्प्यात, शिरण्याआधीची मात्रा. दक्षिण स्वीडनचा स्कोने भाग, डेन्मार्क आणि कॅलेडोनियन पर्वतरांगेच्या पायथ्याशी हाच अॅलम शेल सिल्युरियनच्या शेवटी आणि डेव्होनियनमध्ये खोल गाडला गेला. तेव्हा त्याला युरेनियमच्या शेजारी राहून आठ-दहा कोटी वर्षेच झाली होती. हिशेब करा: २०० पीपीएम, ९ कोटी वर्षे, टीओसी १५ टक्के. ३६ कोटी ग्रे येतात, उंबरठ्याच्या बरेच खाली. म्हणजे त्या भागात तेल आणि वायू तयार होताना केरोजेन बऱ्यापैकी शाबूत होते. उरलेली ४० कोटी वर्षे किरणोत्सार तेल देऊन उरलेल्या कार्बनवर चालला. मध्य स्वीडनच्या कच्च्या नमुन्यांतला खचलेला हायड्रोजन इंडेक्स उचलून स्कोनेच्या खोऱ्याच्या प्रतिमानात (किती तेल तयार झाले असेल याच्या हिशेबात) घातला तर तयार झालेल्या तेलाचा अंदाज विनाकारण कमी येईल. (स्कोनेमध्ये ‘शेल’ या तेल कंपनीने, आणि पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कच्या व्हेंडसिसेलमध्ये ‘टोटल’ कंपनीने शेल गॅससाठी खोदून पाहिले आणि दोन्हीकडे काम सोडून दिले. पण त्याचे खापर किरणोत्सारावर फोडायला आधार नाही. डेन्मार्कमध्ये तर वायू मिळालाच, थर पुरेसा जाड नव्हता.)

अॅलम शेल सोडून बाहेर पडलात की आकडे भराभर उतरतात. अमेरिकेतल्या टेनेसीच्या चॅटनूगा शेलचा वरचा भाग युरेनियमसाठी प्रसिद्ध आहे: साठ पीपीएमच्या आसपास, वय ३७ कोटी वर्षे, टीओसी १२-१३ टक्के. हिशेबाने ५० कोटी ग्रेच्या घरात येतो. म्हणजे उंबरठ्याच्या निम्म्यावर. बारीक अॅरोमॅटिक खुणा दिसल्या तर नवल नाही, पण हायड्रोजन इंडेक्स कोसळायचे कारण नाही. आणि आपला मुंबई हाय? तिथल्या तेलाचा मुख्य मातृखडक पन्ना फॉर्मेशन, पॅलिओसीन ते पूर्व इओसीन, म्हणजे साडेपाच कोटी वर्षांच्या आसपास. युरेनियम मुद्दाम चढे, १० पीपीएम धरले आणि टीओसी ३ टक्के, तरी सेंद्रिय कार्बनला साडेपाच कोटी ग्रेच मिळतात. शंभर कोटींपुढे ही मात्रा काहीच नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोणत्याही टर्शरी (गेल्या साडेसहा कोटी वर्षांतल्या) मातृखडकात हायड्रोजन इंडेक्स कमी दिसला तर जमिनीवरून वाहून आलेला वनस्पतिजन्य पदार्थ, ऑक्सिडेशन किंवा साठवणीत खराब झालेला नमुना यांच्याकडे बोट दाखवा, युरेनियमकडे नको. आपल्याकडे हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो विंध्य खोऱ्यासारख्या प्रोटेरोझोइक शेलमध्ये. तिथे वय शंभर कोटींच्या पुढे असते आणि टीओसी बरेचदा कमी, त्यामुळे वीस-तीस पीपीएम युरेनियमही उंबरठा गाठू शकते.

लॉगवरूनच अंदाज घ्यायचा असेल तर सोपी खूण आहे. गॅमा लॉगवर युरेनियमचा प्रत्येक पीपीएम साधारण ८ एपीआय (गॅमा लॉगचे एकक), थोरियमचा ४, आणि पोटॅशियमचा प्रत्येक टक्का १६ एपीआय देतो. चिकणमातीने भरलेल्या शेलमध्ये थोरियम-पोटॅशियम मिळून शंभर एपीआय सहज होतात. तेव्हा २५० एपीआय पाहून हुरळून जाऊ नका, त्यामागे युरेनियम वीस पीपीएमपेक्षा कमीच आहे. अॅलम शेलसारखी पातळी म्हणजे दीड हजार एपीआयच्या पुढचे आकडे.

उलट्या बाजूचा दावाही वरचेवर कानावर येतो, की किरणोत्साराने तेल तयार होते. कल्पना जुनी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सॅम्युअल लिंड यांनी रेडॉनच्या अल्फा कणांनी मिथेन-इथेनपासून जड हायड्रोकार्बन मिळवले. १९४० च्या दशकात अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पैशातून एमआयटीमध्ये मोठा प्रकल्प चालला. तिथे पामिटिक आम्लावर कण सोडून पेंटाडिकेन, म्हणजे खरोखरचा तेलातला घटक मिळाला. रसायनशास्त्र खरे होते, पण भूविज्ञान जुळले नाही. त्या वाटेने तेल आले असते तर त्याच्याबरोबर ढिगाने हायड्रोजन वायू आणि असंपृक्त हायड्रोकार्बन यायला हवे होते. तेलक्षेत्रांत तसे सापडत नाही. शिवाय साध्या मातृखडकातली मात्रा त्यासाठी फारच तोकडी.

अलीकडे हाच विषय नव्या रूपात आला आहे. चीनच्या ऑर्डोस खोऱ्यात चांग-७ हा तेलाचा मातृखडक युरेनियमनेही समृद्ध आहे, आणि युरेनियममुळे तेलनिर्मितीला चालना मिळते असे मांडणारे काम झाले आहे. त्यातल्या काही प्रयोगांत केरोजेनमध्ये युरेनियमची लवणे मिसळून काही दिवस पायरोलिसिस करतात आणि वायूचे प्रमाण बदलले की किरणोत्साराचा उल्लेख येतो. अशा वेळी मात्रा काढून पाहावी. एक टक्का युरेनियम, तीन दिवस: जेमतेम पाव ग्रे. प्रयोगशाळेतल्या शुद्ध लवणात पुढची संतती (क्षयातून बनणारी मूलद्रव्ये) नसते, त्यामुळे खरे तर त्याहूनही कमी. लासलगावच्या कांद्याला याच्या शेकडोपट मिळते. तेव्हा त्या भांड्यात जे घडले ते युरेनियम नावाच्या धातूचे रसायन आहे, उत्प्रेरण असेल किंवा ऑक्सिडेशन. किरणोत्साराचा त्याच्याशी संबंध नाही. उत्प्रेरणाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, फक्त तो वेगळा प्रश्न आहे.

मातृखडकापेक्षा कितीतरी ठळक परिणाम दिसतात ते युरेनियमच्या धातुकात, जिथे तेल किंवा वायू युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाच्या कणांजवळून वाहत गेला. कणाला लागून असलेले हायड्रोकार्बन जागच्या जागी शिवले जाऊन घट्ट कार्बनचे कवच बनते. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या थरांतील कार्बनच्या पट्ट्यांचे एक स्पष्टीकरण हेच आहे. जिवाणूंच्या जुन्या थरांचे दुसरे स्पष्टीकरणही तितक्याच जोराने मांडले जाते. गॅबनमधल्या ओक्लो इथे, जिथले सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचे नैसर्गिक अणुभट्टीचे अवशेष १९७२ मध्ये उघडकीला आले, काही भागांत अशाच घट्ट बिटुमेनने युरेनिनाइट आणि विखंडनाची उत्पादने जागेवर धरून ठेवली. खनिजशास्त्रासाठी हे सोने आहे. पण मातृखडकाच्या अहवालात ही उदाहरणे आणू नका. तिथली मात्रा आणि आपली मात्रा यांत काही ताळमेळ नाही.

तर तुमच्या नमुन्याचे काय करायचे? वरचा हिशेब पहिला, आणि कार्बनची मात्रा दहा कोटी ग्रेच्या आत आली तर विषय तिथेच बंद. उंबरठ्याच्या जवळ किंवा वर आली तर युरेनियम कुठे बसले आहे ते पाहा. अल्फाचा पल्ला पन्नास मायक्रॉन. युरेनियम जर मिलिमीटरभर जाडीच्या फॉस्फेटच्या गाठींत कोंडलेले असेल तर त्याचे बहुतेक अल्फा गाठीतच मरतात आणि केरोजेनपर्यंत पोचतच नाहीत. संपूर्ण खडकाचे पीपीएम तेवढेच असूनही परिणाम नगण्य. चकचकीत केलेल्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, आणि शक्य असेल तर विखंडनाच्या खुणांचा नकाशा, यांतून हे एका दिवसात कळते. याच तुकड्यावर झिर्कॉन किंवा मोनाझाइट या किरणोत्सारी द्रव्ये धरणाऱ्या खनिजांच्या कणांभोवती उजळ कडा दिसतात का तेही पाहून घ्या. सेंद्रिय पदार्थात अशी कडा दिसली तर तिथे स्थानिक विकिरण झाले आहे. पण त्या कडेवर परावर्तन मोजून ती खडकाची पक्वता म्हणून लिहू नका. ही चूक मी अहवालांत एकदा नव्हे, बऱ्याचदा वाचली आहे.

युरेनियम केव्हा आले हेही विचारा. साठतानाच आले असेल तर खडकाचे वय धरा. नंतरच्या भूजलाने आणून टाकले असेल तर वय खडकाचे नव्हे, त्या घटनेचे धरायचे, आणि मात्रा दहा-वीसपट खाली येऊ शकते. शिसे-२०६ चे प्रमाण तपासले तर हे उलगडते.

त्यानंतर त्याच कोअरमधून कमीत कमी आठ-दहा नमुने असे निवडा की टीओसी आणि खोली जवळपास सारखी, युरेनियम मात्र वेगळे. हायड्रोजन इंडेक्स नुसत्या युरेनियमसमोर मांडू नका. युरेनियम आणि टीओसी बहुतेकदा हातात हात घालून वाढतात, त्यामुळे तो आलेख फसवतो. आडव्या अक्षावर युरेनियम भागिले टीओसी घ्या. त्या अक्षावर हायड्रोजन इंडेक्स आणि बिटुमेन-कार्बन गुणोत्तर दोन्ही घसरत असतील, पायरोलिसिसमध्ये अॅरोमॅटिक वाढत असतील, पण स्टेरेनांची पक्वता आणि कार्बन समस्थानिक जागच्या जागी असतील, तर विकिरण म्हणा. समस्थानिकही सरकत असतील तर सेंद्रिय पदार्थाचा मूळ स्रोतच थरागणिक बदलतो आहे असे समजा. आणि उतार सापडलाच नाही, कमी युरेनियमचे नमुनेही तितकेच हायड्रोजन-गरीब निघाले, तर ते केरोजेन जन्मापासूनच तसे आहे किंवा साठल्यावर लगेच ऑक्सिडाइज झाले आहे.

विकिरण सिद्ध झालेच, तर खोऱ्याच्या प्रतिमानात मूळ हायड्रोजन इंडेक्स म्हणून सर्वांत कमी युरेनियम-टीओसी गुणोत्तराच्या नमुन्याचा आकडा घाला, आणि खडक तेलाच्या खिडकीत शिरला त्या दिवसापर्यंतचीच मात्रा मोजून त्यातून थोडी वजावट करा. रॉक-इव्हॅलच्या तक्त्यात एक जादा रकाना जोडा, ‘सेंद्रिय कार्बनची मात्रा, कोटी ग्रे’ असा, आणि त्याच्या शेजारी दोन आकडे लिहा: आजपर्यंतचा आणि तेलनिर्मितीपर्यंतचा.